जिलबी नको म्हणणारी पंगत

माधवनगरात आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. ‘काय, बरं हाय का?’ असं कुणी जाता जाता विचारलं की ते थांबतात, विचार करतात आणि सांगतात, ‘न्हाई. सकाळपास्नं पित्त खवळलंय.’ मग पित्ताची सगळी हकिकत येते. विचारणाऱ्याला पळायला जागा उरत नाही. मला मात्र हे फार आवडतं.

परवा शेजारच्या वास्तुशांतीला त्यांनी जिलबी वाढायला घेतली. पहिला पाहुणा रीतीप्रमाणे ‘नको, नको’ म्हणाला. हे पुढे गेले. दुसरा लाजला. हे पुढे गेले. अख्खी पंगत आग्रहाची वाट बघत राहिली आणि जिलबीचं ताट तसंच भरलेलं माझ्यासमोर आलं. मीही सवयीनं ‘नको’ म्हणालो. गेली जिलबी!

कुजबुज ऐकून यजमान काका धावत आले. ‘आवं, सांभाळून घ्या. त्येला ऑटिझम हाय. देवाचं लेकरू, त्येला काय कळत न्हाई,’ म्हणत त्यांनी ताटाला हात घातला.

यांनी ताट सोडलं नाही. पंगतीकडे वळून म्हणाले, ‘ऑटिझम हाय. पण कळतं की. तुमी नको म्हणला, मी वाढली न्हाई. पायजे असंल तर पायजे म्हणा.’

कोपऱ्यातल्या आजी ओरडल्या, ‘मला पायजे रं!’ आणि जो गलका उठला! पिकल्या मिशांची माणसं हात वर करून ‘पायजे, पायजे’ ओरडत होती.

शेवटच्या पंगतीला काका बसले. हे ताट घेऊन समोर उभे. ‘जिलबी?’

काका हसून म्हणाले, ‘नको, नको.’

हे पुढे गेले.