आवर्तन थांबवलं तेव्हा

धरणाच्या पायथ्याशी आमचं छोटं वीजघर आहे. धरणातलं पाणी आधी आमच्या यंत्रातून फिरतं, वीज करतं आणि मग पाटात पडून सिन्नरच्या बाजूला शेतांकडे जातं. मी इथे इंजिनियर म्हणून रुजू झाले तेव्हा आपलं काम यंत्रापाशी संपतं असंच मला वाटायचं. पुढे त्या पाण्याची कोण वाट बघत असेल, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी मात्र आवर्तन, म्हणजे शेतांना पाळीपाळीने पाणी सोडणं, सुरू असलं की रोज फोन करायचा. आम्ही एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं, पण भांडायचो जुन्या शेजाऱ्यांसारखे.

"मॅडम, पाणी उतरलं हो."

"यंत्र बंद पडलंय. बाजूचा व्हॉल्व्ह उघडतेय, थोडं थांबा."

"मी थांबतो. गहू थांबत नाय."

एका हिवाळ्यात, ऐन आवर्तनात, सकाळीच त्याचा फोन आला. "मॅडम, पाणी बंद करा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण तो घाबरलेला होता. वाटेत एका ओढ्यावरून पाट सिमेंटच्या लांब पन्हळीतून जातो. कागदोपत्री तो जलसेतू, गावासाठी नुसता पूल. तिथे पन्हळीच्या दोन तुकड्यांमधलं रबर फाटलं होतं आणि पाणी थेट खांबाच्या पायावर कोसळत होतं. माती वाहून चालली होती.

पाट एकदम रिकामा करता येत नाही. पाणी झटकन उतरलं की काठांचा ओला भराव ढासळतो. मी वरिष्ठांना कळवलं आणि यंत्राचा भार हळूहळू उतरवून पाणी कमी करायला घेतलं.

दुपारी फाटकाशी एक टेम्पो येऊन थांबला. पाटाच्या शेवटच्या टोकाच्या गावची माणसं होती, चांगलीच तापलेली. सगळ्यांत पुढे माझ्या आईच्या वयाची एक बाई.

"पानी आमच्या शिवेला लागलं आन तुम्ही बंद केलं?"

"पूल दुरुस्त करायचाय, मावशी. झाला की लगेच सोडू."

"मागं बी असंच म्हनले होते. आमची पाळी गेली ती गेलीच."

ते माझ्या आधीचं होतं, पण खरं होतं. मी म्हटलं, "माझ्याबरोबर चला. डोळ्यांनी बघा, मग तुम्हीच सांगा काय करायचं ते."

मावशी आणि आणखी दोघं जीपमध्ये बसली.

पुलाखाली पाटकरी गुडघाभर चिखलात उभा राहून दगड रचत होता. फोनवरच्या आवाजावरून मी धिप्पाड, मिशाळ माणूस कल्पिला होता. हा तर चष्मा लावलेला, सडपातळ निघाला. खांबाच्या पायाशी बैल बसेल एवढी पोकळी झाली होती. मावशी खाली उतरल्या, त्यांनी वाकून आत हात घातला. मातीचं ढेकूळ सुटून हातातच आलं.

"ह्यो खांब पडला तर?"

"तर यंदाचं जाईलच, पुढच्या सालीही पाणी मिळेल की नाही सांगता येत नाही."

हात पदराला पुसत त्या वर आल्या आणि त्यांनी गावात फोन लावला. "आरं, ट्रॅक्टर काढा. रिकामी पोती आना. कांद्याच्या गोण्या नको, जाळीतून वाळू गळंल. खताची आना!"

त्यानंतर पुलाखाली जत्रेसारखी माणसं जमली. पोत्यांत वाळू भरली, पोकळीत दगड गेले, वरून काँक्रीट पडलं. कोरड्या पन्हळीत आमचे फिटर नवं रबर पोलादी पट्टीखाली दाबून बोल्ट आवळत होते. जेवायला गावातून भाकरी आणि ठेचा आला. मी आणि पाटकरी शेजारी बसून खात होतो, तर मावशी म्हणाल्या, "फोनवर लय भांडता म्हनं दोघं. इथं कसे गप?" तो चष्मा पुसायला लागला.

काँक्रीट धरल्यावर मी यंत्र अगदी थोड्या पाण्यावर सुरू केलं. पाटकरी पुलावर, मी वीजघरात, मध्ये फोन.

"काय दिसतंय?"

"पाणी जोडाशी आलं." मी भार तिथेच धरून ठेवला. "मॅडम, एक थेंब नाय!"

मी पाणी वाढवत नेलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी एसटीने मावशींच्या गावी गेले. माझ्या यंत्रातून गेलेलं पाणी शेतात कधी पाहिलंच नव्हतं. मावशी गव्हाला पाणी देत होत्या. फावड्याने वाफा फोडून त्यांनी मला विचारलं, "हे तुझ्या यंत्रातलंच का?"

"हो."

त्यांनी ओंजळभर उचलून निरखलं. "वीज काढून घेतली तरी काय कमी दिसत नाय." आणि आम्ही दोघी बांधावर बसून पोटभर हसलो.

आता प्रत्येक आवर्तनाआधी टोकाच्या गावची माणसं आमच्याबरोबर सगळा पाट चालत बघतात. यंदा भरावात खेकड्यांनी पाडलेली बिळं त्यांनाच आधी दिसली. आम्ही मागून पोहोचलो तेव्हा ती माती ठोकून बुजवून झाली होती, आणि मावशी दुसऱ्या काठावरून ओरडत होत्या, "इकडची बाजू राहिलीय, या लवकर!"