दारातली खुर्ची

आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा मला मनापासून राग येतो, कारण राग यावा असं ते काहीच करत नाहीत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं. मराठी बोलताना मध्येच 'स्वल्प' म्हणतात, म्हणजे थोडंसं. गाणं सुरू झालं की डोळे मिटतात. त्यांचं होम थिएटर ऐकून आल्यापासून आमच्या हिच्या तोंडी त्याचंच कौतुक. म्हणून मी त्यांच्यापेक्षा मोठा रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारं यंत्र, आणला.

आमच्याकडे सिनेमातल्या स्फोटांनी खिडक्या हादरायच्या, पण संवाद काही ऐकू यायचे नाहीत. शेवटी हिनेच त्यांना बोलावलं.

रिसीव्हरच्या खोक्यात तसाच पडलेला छोटा माईक त्यांनी बाहेर काढला. तो जिथे ठेवाल, त्या जागेसाठी रिसीव्हर आवाज जुळवून घेतो म्हणे. मी सोफ्यावरची माझी जागा दाखवली.

"स्वल्प थांबा, अण्णा. अक्का कुठं बसतात?"

मी हिच्याकडे बघितलं.

"मी कुठली बसतेय?" ही म्हणाली. "पोळ्या करता करता दारातून बघते."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ठेवली, तिच्यावर पिठाचा डबा आणि डब्यावर माईक.

आता ही त्या खुर्चीत बसून अख्खा सिनेमा बघते, खळखळून हसते. सोफ्यावर मला आवाज एकाच बाजूने येतो. सेटिंग बदलायला मी रोज रिमोट उचलतो आणि परत ठेवतो.

परवा ही बाहेर गेल्यावर मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. शब्द न्‌ शब्द स्वच्छ ऐकू आला.

या माणसाला मी कधीच माफ करणार नाही.