गावाचंच आडनाव

२००४ साली आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावात राहायला गेलो. इंग्रजांच्या काळात ज्या कुटुंबाने ते वसवलं, त्यांचंच आडनाव गावाला, शाळेला आणि आमच्या रस्त्यालाही होतं. शेजारच्या टपालपेटीवरही तेच. त्या घरात सत्तरीच्या एक निवृत्त नर्सबाई एकट्याच राहायच्या. त्या कृष्णवर्णीय होत्या.

मुलगी तिसरीत होती. शाळेने प्रोजेक्ट दिलं, गावाच्या नावाची माहिती काढा.

"आई, शेजारच्या आजींना विचारू या ना. इट्स हर नेम!"

गेलो. पण दारातच माझ्या तोंडून निघून गेलं, "हे आडनाव तुमच्या मिस्टरांकडचं का?"

"नाही, माझं माहेरचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या कुटुंबाकडे माझे पूर्वज गुलाम होते. मालकाचं नाव लागलं ते लागलंच."

मला कुठे बघावं कळेना. मुलीने मात्र विचारलं, "मग तुमचं खरं नाव काय?"

बाई तिच्याकडे वळल्या. "ते आता कुणालाच ठाऊक नाही, बाळा. म्हणून हेच खरं. इतक्या पिढ्या आम्ही ते सांभाळलंय. जितकं त्यांचं, तितकंच आमचं."

शनिवारी त्या आम्हाला जुन्या दफनभूमीत घेऊन गेल्या. पुढच्या रांगेत त्या घराण्याचे उंच काळे दगड होते. बाई सरळ मागच्या भिंतीपाशी गेल्या. तिथे गुडघ्याएवढा एक दगड होता. त्यावर नुसतंच एका बाईचं नाव, आडनाव नाही. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली आणि मऊ ब्रश काढला आणि ब्रश मुलीच्या हातात दिला.

"हलक्या हाताने हं. आमच्या घराण्यातली सगळ्यात जुनी आहे ती."

मुलगी शेवाळ काढत असताना मी म्हटलं, "परवा मी भलतंच विचारलं. माफ करा."

"विचारलंत ते बरं झालं. इथे जन्म गेला माझा, पण कुणी विचारलंच नव्हतं."

प्रोजेक्टच्या दिवशी त्या ठेवणीतला निळा कोट घालून वर्गात आल्या आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर कशाबशा बसल्या. मुलीने गाव वसवणाऱ्यांबद्दल दोनच वाक्यं वाचली. बाकी सगळं त्या छोट्या दगडाबद्दल होतं. वाचून झाल्यावर एका छोट्या मुलीने आजींना विचारलं, "तुम्हाला वाईट वाटतं का?"

"कधीकधी वाटतं," त्या म्हणाल्या. "आज नाही."