सतरा नंबरचा टॅग

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी बऱ्याचदा मनातल्या मनात हसलोय, हेही कबूल करतो. बावीस वर्षं कुवेतमध्ये केमिकल प्लँटवर मेंटेनन्सचं काम करतोय. कुठून आवाज आला की तो कशाचा हे शोधायचं, एवढंच मला येतं. हा एक आवाज मात्र सापडला नाही...

गेल्या ईदच्या सुट्टीत आम्ही श्रीलंकेला गेलो. मी, मेधा आणि आमची चौदा वर्षांची ईरा. ईरा कुवेतमधल्या मंगफच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. तिच्या लेखी वाहतं पाणी म्हणजे एसीच्या पाइपातून ठिबकतं ते. म्हणून मेधाने धबधब्यांचा एक दिवसाचा ट्रेक बुक केला. आम्ही नऊ जण आणि निमल नावाचा गाइड.

निमलने निघतानाच प्रत्येकाला एकेक काठी दिली. "पाण्यात उतरताना काठी काठावर रोवायची, बाहेर आलात की ज्याने त्याने आपली उचलायची. काठी उभी आहे म्हणजे माणूस आत आहे."

मेधा हसली. "घ्या! सुट्टीतसुद्धा तुमचा प्लँटच."

मला हसू आलं नाही. का ते सांगतो.

सहा वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी आमच्या प्लँटचं शटडाऊन चालू होतं. टाकीत उतरणारा माणूस आपला नंबरचा टॅग बाहेरच्या हुकवर अडकवतो, बाहेर आला की काढतो. आमच्याकडे सुदाम नावाचा फिटर होता - गुहागरकडचा, राहायला अब्बासियात, सहा जणांच्या खोलीत. काम संपवून वर येताना तो आतून पान्याने पत्रा वाजवायचा. टक-टक... टक. "साहेब, आलो बरं का," असा त्याचा अर्थ.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी टाकी बंद करायची घाई होती. हुकवर एकच टॅग उरला होता. सतरा. लोक टॅग काढायला नेहमीच विसरत. हाही विसरून जेवायला गेला असेल, असं मी धरून चाललो. आत वाकून पाहिलं नाही, हाक मारली नाही. टॅग काढून खिशात टाकला. "ऑल आउट?" ऑपरेटरने विचारलं. "ऑल आउट," म्हणालो आणि सही केली. झाकण लावलं, आतली हवा घालवायला नायट्रोजन सोडला.

टकटक मी ऐकली होती. शेजारी परांचीवाल्यांचं काम चालू होतं, त्यांचीच असेल म्हणून पुढे गेलो.

सुदाम आतच गेला. म्हणजे... वारला. चौकशीत निघालं की हुकवर टॅग नव्हता, म्हणजे त्याने लावलाच नव्हता. टॅग माझ्या खिशात होता. मी गप्प बसलो. त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, नुसतं विचारत होती, "साहेब, रात्री दाराची कडी दोनदा बघणारा माणूस तो. टॅग लावायचा कसा विसरेल?" मी म्हणालो, "होतं असं कधीकधी, वहिनी."

आता धबधबा.

तिसऱ्या धबधब्याखाली मोठा डोह होता आणि पाण्याच्या पडद्यामागे एक कपार. सगळे मनसोक्त डुंबले. दुपारी वर डोंगरात आभाळ भरून आलं तशी निमलने शिट्टी मारली. पाणी गढूळ व्हायला लागलं होतं. भराभर सगळे बाहेर आले आणि आपापल्या काठ्या घेऊन पायवाटेला लागले. मेधा पुढे होती. काठावर एक काठी उरली. ईराची. आईबरोबर गेली असेल, काठी विसरली असेल... कार्टीला कशाचं भान नसतं. मी ती उचलली.

"ऑल आउट, सर?" वरून निमलने विचारलं.

"ऑल आउट."

वीसेक पावलं गेलो असेन. मागून आवाज आला. लोखंडावर लोखंड. टक-टक... टक.

धबधब्याचा आवाज एवढा होता की हातभरावरचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तरी हे स्वच्छ ऐकू आलं. या वेळी मात्र मी परांचीवाल्यांकडे बोट दाखवलं नाही. दोन्ही काठ्या टाकून पळालो. पडद्यामागच्या कपारीत ईरा होती. पाय दोन दगडांत अडकलेला, पाणी छातीपर्यंत. निमल माझ्या मागोमाग आला. दोघांनी मिळून तिचा पाय सोडवला. आम्ही वर आलो आणि थोड्याच वेळात तांबडा लोंढा उतरला. कपार दिसेनाशी झाली.

मेधा तिला कुशीत घेऊन रडत होती. ईरा माझ्याकडे बघून म्हणाली, "आय वॉझन्ट दॅट स्केअर्ड, बाबा. यू वेअर नॉकिंग, ना? आय न्यू यू वेअर कमिंग."

मेधाने काही ऐकलं नव्हतं. निमलनेही नाही. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मी त्याला घेऊन पुन्हा तिथे गेलो. डोहापाशी, कपारीत, वर, खाली. कठडा नाही, पाइप नाही, साधा खिळासुद्धा नाही. निमल म्हणाला, "सर, इथे लोखंड कुठलं?"

तुमच्यापैकी कोणाला खुलासा सुचला तर जरूर लिहा, मी वाचेन. मला सुचलेला नाही. मी रोज सकाळी ईराला स्कूलबसमध्ये चढताना बघतो आणि मनात सुदामचे आभार मानतो. त्याने ते माझ्यासाठी केलं असं म्हणायची माझी लायकी नाही. पण केलं.

टॅग अजून माझ्या कपाटात आहे, पासपोर्टच्या पाकिटात. आज हे लिहून झालं की मेधाला वाचायला देणार आहे. तिच्यानंतर चौकशीवाल्यांना. आणि त्याआधी गुहागरला फोन. त्या वहिनींना मी सहा वर्षं दोन वाक्यं देणं लागतो : सुदामने टॅग लावला होता. काढला मी.