जित्या माणसाची श्रद्धांजली

आमच्या तामलवाडीत कुणी आजारी पडलं आणि रामकिसनतात्या भेटायला निघाले, की त्या घरचे लोक दार लावून घेतात. तात्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण राख सावडायच्या दिवशी स्मशानात माईकवर श्रद्धांजलीचं पहिलं भाषण तात्यांचंच, हे आसपासच्या गावांत ठरून गेलेलं. त्यामुळं उशाशी बसून त्यांनी 'तुमची शाळा कुठं झाली?' एवढं विचारलं, तरी पेशंटला घाम फुटतो.

माझा धंदा मंडप आणि स्पीकरचा. माईक माझा, म्हणून तात्यांची सगळी भाषणं मी पेटीवर बसून ऐकलीत. आवाज खणखणीत, आणि मेलेल्या माणसाबद्दल खोटं एक अक्षर नाही. एका म्हातारीच्या वेळी ते म्हणाले होते, "बाईनं समद्या सुना रडवल्या, पर एकीलाबी उपाशी निजू दिलं न्हाय." ते ऐकून तिच्या सुना त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या रडल्या.

मग तात्यांच्या सुनेनं, अर्पितानं, त्यांना नवा फोन घेऊन दिला आणि त्यातलं एआय शिकवलं. मेलेल्याचं नाव, गाव, धंदा सांगायचा, की भाषण तयार. तात्या हरखून गेले.

"बालाजी, आपल्याला जन्मात असं सुचलं नसतं."

"सुचलं न्हाय तेच बरं हुतं, तात्या," मी म्हणालो. पण माईकवाल्याचं लोक ऐकतात ते फक्त 'हॅलो, हॅलो, चेक' एवढंच.

त्यांचं बघून बाकीचे वक्तेही शिकले आणि गावाची पार वाट लागली. वीरभद्र ट्रॅक्टरवाला वारला तेव्हाची गोष्ट. वीरभद्र दिवसभर ट्रॅक्टरवर बेसूर गाणी म्हणायचा, इतकी मोठ्यानं, की नांगरट दिसायच्या आधी ऐकू यायची. आता त्याच्या राखेपुढं एकेक वक्ता उठला, खिशातून फोन काढला आणि वाचू लागला: मनमिळाऊ, मितभाषी, समाजाप्रती बांधिलकी जपणारं व्यक्तिमत्त्व, त्यांच्या जाण्यानं निर्माण झालेली पोकळी. तिसऱ्या वक्त्यापर्यंत लोकांचं पाठ झालं होतं. वीरभद्रची बायको धुरपताबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बालाजी, ह्ये कुणाबद्दल बोलायल्यात?"

शेजारी वसंतआण्णा उभे होते. त्यांनी ते ऐकलं. हे आण्णा म्हणजे तात्यांचे लंगोटीयार. दोघांचा रोज संध्याकाळी पारावर पत्त्यांचा मेंढीकोट चालायचा. आण्णा दश्शी मांडीखाली लपवणार, तात्या पत्ते फेकून उठणार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोघं हजर. गावात आण्णांनी ज्याच्याशी भांडण काढलं नाही असा माणूस अजून जन्मायचाय. पण त्या दिवशी स्मशानातून घरापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मला तेव्हाच भीती वाटली.

पुढं आण्णांना खोकला लागला. सोलापूरच्या डॉक्टरनं तपासण्यांवर तपासण्या सांगितल्या. इकडं तात्यांचं चित्त थाऱ्यावर राहीना. तयारी असलेली बरी, म्हणून त्यांनी फोनकडून आण्णांची श्रद्धांजली लिहून घेतली आणि अक्षर मोठं करून मिळावं म्हणून अर्पिताला पाठवली. ती चुकून गेली गावाच्या ग्रुपवर.

झालं! हात जोडलेली चित्रं धडाधड पडायला लागली. वाचून खात्री करील तर तो ग्रुप कसला? मधेच एकानं फ्लेक्सवाल्या युवराजला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, त्यावर युवराजनं आभार मानले आणि खाली ढगांत हसणाऱ्या आण्णांचा फ्लेक्सही टाकला. मी त्यांना नावं ठेवतोय खरा, पण मीही फोन न करता टेम्पोत स्पीकर चढवला आणि थेट आण्णांच्या दारात नेऊन उभा केला.

आण्णा ओट्यावर भाकरी खात होते.

"कुणाचं काय झालं रं?" त्यांनी विचारलं.

मी फोन पुढं केला. दुसरा कुणी असता तर तात्यांच्या घरावर चालून गेला असता. आण्णांनी चष्मा लावून सगळं वाचलं, आणि त्यांना राग आला तो भलत्याच गोष्टीचा.

"मितभाषी? म्या मितभाषी?"

आतून शामलाकाकू म्हणाल्या, "ते तुमचं न्हाय वो. दुसऱ्या कुणाचं तरी आसंल."

"तेच म्हणतोय मी!" आण्णांनी ताट सरकवलं. "वीरभद्राला भलताच माणूस म्हणून वाटेला लावला. माझं तसं व्हायचं न्हाय. बालाजी, उद्या सांजच्याला पारावर माईक लाव. मी खुर्चीत बसतो. ज्याला काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला. रामक्यालाबी सांग."

आता या वेडेपणाला गावानं हसावं की नाही? गाव गंभीरपणे जमलं. मफलर गुंडाळून आण्णा खुर्चीत बसले, मागं युवराजचा फ्लेक्स, कारण छापून आलाच होता. कुणीतरी सवयीनं अगरबत्ती लावली, ती काकूंनी विझवली. पहिला वक्ता उठला, फोन काढला. "मनमिळाऊ—"

"पुढचा!" आण्णा खुर्चीतून ओरडले.

दुसऱ्याचंही तेच झालं. तिसरा उठलाच नाही. मग तात्या आले. चेहरा उतरलेला. त्यांनीही खिशात हात घातला, तेवढ्यात आण्णांनी फोन हिसकावला आणि मांडीखाली दाबला, जिथं दश्शी जाते तिथं.

"आता बोल, रामक्या."

तात्या माईक धरून नुसते उभे. मला वाटलं, संपलं, हा माणूस बोलणं विसरला. मग एकदम म्हणाले,

"वसंता खोटारडा हाय. पत्ते चोरतो. माझ्या पोराच्या, कृष्णराजच्या लग्नात आमटी आळणी म्हणून ह्यानं व्याह्याशी भांडण काढलं, वरात खोळंबली. मी सोलापूरला दवाखान्यात पडलो, तर माझ्यासाठी आणलेली मोसंबी ह्यानंच खाल्ली. डॉक्टरशी भांडला. शेजारच्या पेशंटशी, वळख ना पाळख, तरी भांडला."

लोक हसत होते. आण्णा खुशीत मान डोलवत होते.

"पर मला सोडस्तोवर ह्यो गडी घरी गेला न्हाय. माझ्या खाटंखाली चटई टाकून निजायचा. मधीच उठायचा आन् माझ्या नाकाम्होरं हात धरून बघायचा, हाय का गेलो म्हणून. ह्याला वाटायचं, म्या झोपलोय." तात्यांचा आवाज खाली आला. "म्या जागा असायचो."

माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली. आण्णांनी मफलरनं नाक पुसलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "हाच माणूस म्या. माझी राख सावडायच्या दिशी हेच बोल."

मी माईक बंद करायला हवा होता, पण सुचलंच नाही, म्हणून पुढचं सगळ्या गावानं ऐकलं.

"त्या दिशी मला न्हाय बोलता यायचं, वसंता."

आण्णांनी मांडीखालून फोन काढला, धोतराला पुसला आणि तात्यांच्या हातात दिला.

"मग ह्येच वाच," ते म्हणाले. "निस्तं ते मितभाषी तेवढं काढ."