दोर धरून तळ्याकडे

सबंध मुंबईत सावकाश चालता येणारा माणूस आता एकच उरला आहे आणि ते माझ्या मावशीचे यजमान आहेत. बाकीचे आपण सगळे धावतो. पाय दुखले की जरा कमी धावतो आणि त्याला चालणं म्हणतो. काकांचं तसं नाही. लालबागच्या चाळीतून उतरून ते कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेले, तर इकडे कोथिंबिरीवाचून जेवणं उरकलेली असतात, भांडी घासून पालथी पडलेली असतात आणि तेव्हा कुठे काका फाटकाशी दिसायला लागतात, हातातल्या जुडीने मान टाकलेली. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एका कंपनीत टपाल पोचवायचं काम धरलं होतं. त्यांच्या हाती दिलेली लग्नपत्रिका बारशाच्या सुमारास पोचते, असं माझे वडील म्हणत. खरं तर वडील डोहाळजेवणापर्यंतच थांबत, बारशापर्यंत मी नेलं आहे.

पण हा आळस नव्हे, ही तालीम आहे. काका आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचे जुने कार्यकर्ते. विसर्जनाच्या मिरवणुकीत मूर्तीभोवती जो जाड दोर धरतात, तो धरण्यात त्यांची हयात गेली. लालबाग ते गिरगाव चौपाटी हे अंतर टॅक्सीने गेलात तर पान चघळून होईपर्यंत संपतं. आमची मिरवणूक सकाळी निघते आणि दुसरा दिवस उजाडल्यावर पाण्याला लागते. चार पावलं टाकायची, थांबायचं, कोणीतरी हार घालतो, कोणीतरी नारळ फोडतो, पुन्हा चार पावलं. चालण्याची दुसरी कुठली रीत असते हेच काकांना माहीत नाही. स्वतःच्या लग्नालासुद्धा ते स्टेशनपासून मांडवापर्यंत याच चालीने गेले आणि भटजींनी मुहूर्त दोनदा पुढे ढकलला. मावशीचं माहेर, म्हणजे माझं आजोळ, मुंबईबाहेर तळ्याकाठी वसलेलं एक लहानसं उपनगर. त्याचं नाव मी सांगत नाही. तिथल्या लोकांनी आम्हाला पुन्हा येऊ नका असं काही म्हटलेलं नाही, पण त्यांना आठवण करून देण्यात अर्थ नाही.

मावशी मात्र काकांच्या अगदी उलट. कुकरची पहिली शिट्टी झाली की ती जिना उतरायची आणि तिसरीला मसाल्याची पुडी घेऊन परत आलेली असायची. आयुष्यभर ती काकांच्या पुढे चालली आणि दर नाक्यावर कमरेवर हात ठेवून त्यांची वाट बघत उभी राहिली. अशा बाईला अर्धांगाचा झटका आला. तसा सौम्यच होता, वाचा गेली नाही, हातही सुधारला, पण डावा पाय जो मागे ओढला जायला लागला तो लागलाच. एकदा एका लग्नात पंगतीकडे जाताना तिच्या मागे माणसं तुंबली आणि कोणीतरी म्हणालं, "मावशी, तुम्ही जरा बाजूला थांबता का, आम्ही पुढे होतो." ती बाजूला थांबली, घरी आली आणि मग चाळीचा जिना उतरलीच नाही. डॉक्टर म्हणाले, चाललं नाही तर उरलासुरला पायही आखडेल. मावशी म्हणाली, "आखडू दे. मी कोणाचा खोळंबा करणार नाही." महिने लोटले तरी ती खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत. एकदा दूध उतू जाताना बघत ती सहज बोलून गेली, की माहेरच्या तळ्याला एक फेरी मारायची राहिली. काकांनी गॅस बंद केला आणि त्या संध्याकाळपासून त्यांची योजना सुरू झाली.

योजना अशी: माणसं जमवायची, त्या गावात न्यायची आणि स्टेशनापासून तळ्यापर्यंत, मग तळ्याभोवती, इतक्या सावकाश चालवायची की मावशी मागे पडली हे ब्रह्मदेवालाही कळू नये. याला त्यांनी 'रमतगमत सहल' असं नाव दिलं. मावशीला सांगितलं, मंडळाचा कार्यक्रम आहे, ज्येष्ठांसाठी. बाकी सगळ्यांना खरं काय ते माहीत होतं. आता स्टेशन ते तळं हा रस्ता माझ्यासारख्याला दहा मिनिटांचा. तो दिवसभर पुरवायचा म्हणजे थांबायच्या जागा हव्यात. त्या हेरायला काका पाहणीसाठी एकटे जाऊ लागले. कधी चिंचेचं झाड बघितलं, कधी बंद पडलेली पिठाची गिरणी, कधी कोणाच्या ओट्यावर बसून त्यांच्या मुलीच्या स्थळांची चौकशी केली. प्रत्येक वेळी भाजी मंडईपर्यंत पोचतात न पोचतात तोच संध्याकाळ व्हायची आणि ते परत फिरायचे. मी विचारलं, "काका, तळ्याभोवतीचा रस्ता कसा आहे? मावशीला जमेल ना?" ते म्हणाले, "या खेपांना अजून तिथवर गेलो नाय. पण मंडईपर्यंत एकदम फर्स्ट क्लास आहे." तळ्याच्या सहलीची योजना तळ्याची पाहणी न करता आखणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

पुढची पायरी माणसांच्या निवडीची. चाळीच्या गॅलरीत काका एकेकाला चालून दाखवायला लावत. मी लोअर परळच्या ऑफिसात नोकरी करतो, तिथे माणसं लिफ्टमध्येसुद्धा चालतात. मला त्यांनी पहिल्याच फेरीत नापास केलं. "तुला चालता येत नाय रे," ते म्हणाले, "तू नुसता पोचतोस." मावशीचा सख्खा भाचा म्हणून मला शेवटी शिकाऊ म्हणून घेतलं आणि दोराच्या मागच्या टोकाला लावलं. हो, दोर होता. दोराशिवाय माणसं चालवता येतात यावर काकांचा विश्वास नाही. मंडळाच्या कपाटातला तो जाड दोर बाहेर निघाला, सगळ्यांना त्याच्या आत घेतलं आणि रविवारी सकाळी भर लालबागेत रंगीत तालीम झाली. चिवडा गल्लीच्या तोंडाशी एका हवालदाराने आम्हाला अडवलं.

"मंडळ कुठलं?"

"मंडळ नाय साहेब. तळं बघायला चाललोय."

हवालदाराने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. "इथे कुठे आलं तळं?"

"तळं तिकडे आहे," काका म्हणाले, "आम्ही फक्त चालून बघतोय."

"आणि मूर्ती?"

"मूर्ती नाय. माणसंच आहेत." हवालदाराने थोडा विचार केला आणि आमच्यासाठी रहदारी थांबवली. वर गॅलरीत मावशी कठड्याला धरून उभी होती. हे सगळे आपल्यापेक्षा हळू चालतात हे तिने डोळ्यांनी बघितलं आणि त्या रात्री जेवताना म्हणाली, येते मी.

सहलीच्या दिवशी स्टेशनबाहेर दोर उलगडला, मावशी मधोमध, आजूबाजूला आम्ही. चार पावलं, थांबा. चिंच बघा. चार पावलं, थांबा. गिरणी बघा. काका पुढे होते, पण उलटे चालत होते, आमच्याकडे तोंड करून, हात हवेत दाबत. त्यांची नजर एकाच डाव्या पायावर होती. एका कार्यकर्त्याला सवयीने शिट्टी वाजवल्यावाचून राहवेना आणि शिट्टी वाजल्यावर दुसऱ्याच्या तोंडून "गणपती बाप्पा" निघून गेलं. सगळ्यांनी "मोरया" म्हटलं, त्याला इलाज नव्हता. मग गावाला काय वाटायचं ते वाटलं. एक बाई आरतीचं ताट घेऊन धावत आली आणि मूर्ती कुठे दिसेना म्हणून टाचा उंचावून बघू लागली. एका दुकानदाराने आमच्यापुढे नारळ फोडला आणि मग विचारलं, कसली मिरवणूक? पेटलेलं निरांजन परत पाठवणं काकांच्या जिवावर आलं. ते त्या बाईला म्हणाले, "आमच्या हिला ओवाळा. माहेरवाशीण आहे." बाईने ओवाळलं. मावशीने डोक्यावरून पदर घेतला, डोळे पुसले आणि काकांना म्हणाली, "काय तरी एकेक तुमचं." आम्हाला वाटलं, जिंकलो.

पण घोटाळा पुढेच होता. मंडईच्या वळणावरून तळं दिसलं. आता लालबागच्या माणसाला विचाराल तर तो सांगेल, पाणी दिसलं की मिरवणूक सगळ्यात हळू होते. निरोप द्यायचा असतो, कोणालाच पुढे जावंसं वाटत नाही. आमच्या कार्यकर्त्यांची ही सवय हाडीमांसी भिनलेली. तळं दिसताच सगळ्यांचे पाय आपोआप जड झाले. दोघांनी चपला काढून हातात घेतल्या, एकाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, एक म्हातारे कार्यकर्ते चक्क मुसमुसायला लागले. चार पावलांची दोन झाली, दोनाचं एक, आणि मग अख्खी सहल रस्त्याच्या मधोमध ठप्प झाली. पाणी समोर, आणि कोणी हलेना. काकाही हलेनात. मला भीती वाटली की इथवर आणलेली मावशी आता थकेल, बसेल आणि परत म्हणेल, राहू दे.

मावशीने एकवार तळ्याकडे पाहिलं, एकवार आमच्याकडे. "अहो," ती म्हणाली, "या चालीने तळं आटून जाईल. सोडा ती रशी." आणि कोणी सोडायच्या आत ती वाकून दोराखालून बाहेर पडली. पाय ओढत, एका बाजूला झुकत, पण चालायला लागली. आम्ही चारपाच जण तिला धरायला धावणार तोच काकांनी दोर खसकन आवळला. ते हलक्या आवाजात म्हणाले, "कोणी पुढे जायचं नाय." त्या माणसाने आयुष्यात पुष्कळ गर्दी थोपवली आहे, पण इतक्या जोराने दोर धरताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मावशी पुढे आणि आम्ही सगळे तिच्या मागे दोरात, अशी तळ्याची अर्धी फेरी झाली. काठावरच्या देवळापाशी तिने मागे वळून कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "किती हळू चालता रे तुम्ही." काकांनी दोर आणखी थोडा मागे ओढला.

त्याला आता काही वर्षं झाली. आमची चाळ पुनर्विकासात गेली, नवी इमारत होईपर्यंत दोघांनी त्याच गावात भाड्याने जागा घेतली आहे. मावशी रोज संध्याकाळी तळ्याला फेऱ्या मारते, तिच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी तिला तिथे भेटल्या आहेत. काकांनी मधल्या काळात आणखी सहलींच्या योजना आखल्या, पण कोणाला वेळ नाही. गेल्या महिन्यात मी गेलो तर ते तळ्याकाठच्या बाकावर बसले होते. मावशी समोरून आली, मला हात केला आणि त्यांना, "बसा आयते," असं म्हणून पुढे गेली. मी म्हटलं, "काका, तुम्ही का नाही जात बरोबर?" त्यांनी ती वळणाआड जाईपर्यंत थांबून उजवा गुडघा दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. तेवढ्यानेही त्यांचा चेहरा पिळवटला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आहे, ते टाळत आहेत.

"तिला बोलू नको," ते म्हणाले, "आळशी म्हणते ते बरं आहे. कळलं तर माझ्यासाठी हळू चालायला लागेल."

मावशी दुसऱ्या फेरीला देवळापाशी दिसली, तसा त्यांनी पायावर पाय टाकला, दात आवळून, आणि मजेत बसलेल्या माणसासारखे मागे रेलले. ती आली, आमच्याकडे न बघता मैत्रिणींशी बोलत निघून गेली. काका ती गेली त्या दिशेला बघत राहिले आणि मी त्यांच्या शेजारी अंधार पडेपर्यंत बसलो.