मुसाभाईंचा पास

मुसाभाई दिवसा दिवा विकत नसत. परंड्यात कुर्डुवाडीच्या रस्त्याला त्यांचं सायकलचं दुकान होतं. टायर, ट्यूब, सीट, घंटी काहीही मागा, भर दुपारी मिळे. दिवा मागितला की म्हणत, "मगरिबनंतर या, अंधार पडल्यावर." गिऱ्हाईक कुरकुरलं तर ठरलेलं वाक्य तयार असे: "उन्हात बसून दिवा घेणं म्हणजे जेवण झाल्यावर भाजीत मीठ बघणं. उपयोग काय त्याचा?"

त्यांची माझी ओळख या अटीमुळेच झाली. मी आमच्या गावच्या दूध डेअरीचा सचिव. लिटर आणि फॅट यांचे आकडे लिहिण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. पंचेचाळिशीत साखर निघाली आणि डॉक्टरांनी मोटारसायकल बंद करून सायकल धरायला सांगितली. गाव परंड्यापासून सहा किलोमीटर. संध्याकाळी परंड्यातलं काम आटोपून पेंडीचं पोतं कॅरेजला लावायचं आणि गावाकडं निघायचं. दिवाळी झाली की सहालाच अंधार पडतो, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत तो रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा असतो. बायकोनं बजावलं, "साखर कमी करायला निघालात, माणूस कमी करू नका. आधी नीट दिवा घ्या."

मी मोबाईलवर आठ दिव्यांची माहिती काढली. कोणाचा उजेड किती, बॅटरी किती तास, वजन किती ग्रॅम, असा तक्ता केला आणि सगळ्यांत जास्त उजेडाचा दिवा मागवला. मागं लावायचा छोटा लाल दिवा त्यासोबत आला. तीन आठवडे मी समाधानात सायकल चालवली. मग पुढच्या दिव्याचा क्लिप तुटला म्हणून मुसाभाईंकडं गेलो. त्यांनी दिवा हातात घेऊन चालू केला, भिंतीवर मारला आणि म्हणाले, "सचिवसाहेब, हे सायकलचं न्हाय. हे हेलिकॉप्टर उतरवायचं हाय."

"जास्त उजेड चांगलाच की," मी म्हणालो. तक्ता खिशातच होता, तो दाखवला.

त्यांनी तो मन लावून वाचला. टिंगल केली नाही. मग विचारलं, "यात समोरच्या माणसाचा रकाना कुठं हाय?"

"कोण समोरचा?"

"समोरून येणारा मोटारसायकलवाला. तुमच्या उजेडानं त्याचे डोळे दिपले की तो कुठं जाणार? उजेडाकडंच येणार. चिलटावानी. मगरिबनंतर या. आणि रिकामी सायकल आणू नका. घरी जाताना जे जे लादता, ते सगळं लादून आणा."

ही त्यांची दुसरी अट. संध्याकाळी मी पेंडीचं पोतं, हँडलला पिशवी, असा जामानिमा करून गेलो. त्यांनी मला दीडशे पावलांवरच्या पुलापर्यंत सायकल चालवत जायला लावलं आणि स्वतः दुकानासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. परत आलो तर हसू दाबत होते.

"मागं दिवा हाय म्हणालात न्हवं?"

"आहे की. सीटखाली."

"हाय. पण तो पोत्याच्या मागं न्हाय, पोत्याच्या पुढं हाय. तीन आठवडे तुम्ही पेंडीला उजेड दाखवत हिंडलात. ट्रॉलीवाल्याला काय दिसलं असंल? काय बी न्हाय."

खरंच होतं. कंपनीच्या कागदावर दिवा सीटखाली लावायचं चित्र होतं. चित्रातल्या माणसाला पेंड न्यायची नव्हती. मी घरी दर आठवड्याला बॅटरी किती टिकते ते लिहीत होतो, पण दिवा दिसतो का हे एकदाही पाहिलं नव्हतं. आमच्याकडं प्रत्येक सायकलवर काही ना काही असतंच, कडब्याची पेंढी, दुधाची किटली, सिमेंटची गोणी. त्यामुळं ही चूक मी एकट्यानं केली नव्हती, एवढंच समाधान.

मुसाभाईंनी लाल दिवा कॅरेजच्या खालच्या उजव्या दांडीला लावला, पोत्याच्या सावलीबाहेर. लुकलुकणारा होता, तो त्यांनी स्थिर केला. "लुकलुकता दिवा बोंब मारतो, पण किती लांबून मारतो ते सांगत न्हाय. ह्या रस्त्यावर गप जळणारा बरा." पुढचा दिवा मंद करून, मान खाली घालून, चाकापुढं दहा पावलांवर उजेड पडेल असा बसवला. पायडलला पिवळी चमकपट्टी चिकटवली. "लाल ठिपका दगडाला बी असतो, बंद ट्रकला बी असतो. वर-खाली व्हणारं पिवळं दिसलं की ड्रायव्हरला कळतं, माणूस हाय." मग मला पुन्हा पुलापर्यंत पिटाळलं आणि लांबून ओरडले, "पास!"

हा 'पास' मिळाल्याशिवाय ते दिव्याचे पैसे घेत नसत. तालुक्यातले गवंडी, पेपर टाकणारे, रात्रपाळीचे चौकीदार, सगळे त्यांच्याकडून पास होऊन जात. मी दरवर्षी दिवाळीनंतर जायचो. तक्ता पुन्हा कधी नेला नाही.

चौथ्या हिवाळ्यात मी मागचा दिवा नवा घेतला. त्यांनी हातानं चाचपत तो बसवला, मी पुलापर्यंत गेलो. मागून आवाज आला, "पास! लई झकास दिसतोय!" पुलावर उतरून मागं पाहिलं तर दिवा बंद होता. बटण दाबायलाच मी विसरलो होतो.

मग एकेक आठवलं. हल्ली ते स्पोक डोळ्यांनी न बघता बोटांनी मोजायचे. नोट उजेडाकडं धरायचे. आणि दुकान बंद करून हाच माणूस रोज अंधारात तीन किलोमीटर सायकल मारत, माझ्याच वाटेवरच्या वस्तीवर घरी जात होता.

मी परत आलो आणि सरळ सांगितलं, "मुसाभाई, दिवा बंद होता."

त्यांनी पाना उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "मस्करी करू नका."

"मस्करी नाही. तुम्हाला दिसत नाही."

"हाताला दिसतं मला. चाळीस वर्षं हाय ह्या धंद्यात."

"हाताला दीडशे पावलांवरचं दिसतं का?"

ते स्टुलावर बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मोतीबिंदू हाय म्हणतात. दोन वर्षं झाली. डोळ्यात हत्यार घालणार म्हणल्यावर म्या मागं सरलो. कुणाला बोलू नका, सचिवसाहेब. दिवेवाल्याला दिसत न्हाय म्हणल्यावर कोण येईल?"

"आणि घरी कसे जाता?"

"रस्ता पाठ हाय मला."

"रस्ता तुम्हाला पाठ आहे. ट्रॉलीवाल्याला तुम्ही पाठ आहात का? उद्या काही झालं तर भाभींना मी काय सांगू? पास होते म्हणून?"

इतकं कडक बोलल्याचं मला नंतर वाईट वाटलं, पण बोललो ते बरं झालं. त्या दिवशी मी थांबलो आणि त्यांच्या उजव्या बाजूनं सायकल धरून वस्तीपर्यंत गेलो. "मला सोबत लागत न्हाय," ते म्हणाले. मी म्हणालो, "मला लागते." खैरुनभाभी दारातच होत्या. मी काही बोलायच्या आत मुसाभाईंनीच सांगून टाकलं. भाभी म्हणाल्या, "दोन साल से बोल रही मैं. मेरा सुना नहीं, डेअरीवाले का सुना!"

ऑपरेशनपर्यंत एकोणीस संध्याकाळी आम्ही जोडीनं गेलो. वाटेत ते माझ्या सायकलच्या आवाजावरून दुखणी सांगायचे. चेन सैल आहे, मागचा ब्रेक घासतोय. एकही चुकलं नाही.

ऑपरेशन झालं, डोळ्यावरचा हिरवा पट्टा निघाला, चष्मा आला. महिन्याभरानं दुकान उघडलं तेव्हा मी मुद्दाम गेलो. त्यांनी माझी सायकल वरून खाली पाहिली. "काय राव, इतकी घाण? एवढे दिवस मला वाटायचं सचिव लई टापटिपीचा माणूस." मला वाटलं, झालं, सगळं रुळावर आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तर मुसाभाई दुकानात नव्हते. नाक्यावर रस्त्याच्या कडेला उभे राहून, हात वर करून सायकली थांबवत होते. "दोन हिवाळे म्या न बघताच पास म्हणलोय," ते मला म्हणाले. "आता बघतो."

"सगळ्यांना सांगणार?"

"न सांगता कसं बघू?"

जी गोष्ट दोन वर्षं लपवली, तीच ते नाक्यावर मोठ्यानं सांगत होते. "थांबा, दिवा दाखवा. माझे डोळे गेले होते, तुम्हाला तसाच पास दिलाय." लोकांनी सोडलं नाही त्यांना. एक गवंडी म्हणाला, "काय चाचा, आरटीओत लागला का?" मुसाभाई वाकून त्याच्या मागच्या चाकाशी बसत म्हणाले, "आरटीओ दुसऱ्याची पावती फाडतो. मी माझी फाडतोय."

सात संध्याकाळी ते उभे राहिले. सवयीप्रमाणं मी मोजलं. एकेचाळीस सायकली तपासल्या, नऊ चुकीच्या निघाल्या. चौघांचा पुढचा दिवा आभाळाकडं, तिघांचा मागचा दिवा ओझ्याआड, दोघांचा बंदच. सगळे तिथल्या तिथं, फुकट दुरुस्त केले. शेवटच्या संध्याकाळी मीच कंटाळून म्हणालो, "मुसाभाई, दोन वर्षांत कुणाला काही झालं नाही ना? मग पुरे की आता."

चष्मा सदऱ्याला पुसत ते म्हणाले, "झालं न्हाय, ती ट्रॉलीवाल्याची मेहेरबानी. माझं काम कुठं झालं होतं?" आणि पुढच्या सायकलीला त्यांनी हात केला.

मुसाभाईंना जाऊन आता दोन वर्षं होतील. झोपेतच गेले. आमच्या डेअरीत फॅट मोजायचं मशीन आहे. त्याबद्दल कुणाची तक्रार आलेली नाही. तरी दर सोमवारी मी ते तपासतो. नवा मदतनीस विचारतो, हे कधीपासून चालू केलंत? मी सांगतो, मुसाभाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून.